चौथा रूळ

सकाळचे पावणेअकरा झाले होते आणि व्हॅन मस्त चालत होती. पंचाईत तीच होती.

गॅरेजच्या मधोमध ती उभी होती. पिवळी, दोन्ही कुशींवर शाळेचं नाव रंगवलेली. इंजिन एका लयीत गुरगुरत होतं, जणू दूध पिऊन चुलीशेजारी पसरलेलं मांजर. बाहेर पाऊस धरून बसला होता. पत्र्यावर त्याचा धडधडाट चालला होता आणि दारातून आत येणारा उजेडही ओला वाटत होता. धाकटा मिस्तरी पुढची सीट उचलून उघड्या इंजिनावर वाकला होता आणि मनातल्या मनात त्याच्या पाया पडत होता : बंद पड. एकदाच बंद पड, बाई, माझ्यासमोर.

इंजिन काही ऐकत नव्हतं.

घरात तो धाकटा, म्हणून गिऱ्हाइकांनाही धाकटाच. चाळिशी उलटली तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. थोरला, म्हणजे दादा, लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून चार दिवस घरी दिसायचा. दादाची बायको, वहिनी, शाळेची ही व्हॅन चालवायची. आणि या सगळ्यांच्या वर अण्णा, धाकट्याचे वडील. हे गॅरेज त्यांनी काढलं, आणि आता दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसून ते नुसत्या नजरेने चालवायचे.

वहिनी टायरांच्या ढिगावर बसली होती. हाताची घडी, नजर जमिनीवर. केसांतलं पाणी गळून खांदा भिजत होता, त्याचंही भान नव्हतं. एरवी ती गॅरेजात आली की पाना कुठे आणि पक्कड कुठे हे पाहुण्यांनाही कळायचं, इतकी तिची बडबड. काल संध्याकाळपासून ती धाकट्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

काल दुपारी शाळा सुटल्यावर अकरा पोरं घेऊन ती रुळांवर आली. शाळा रुळांच्या पलीकडे, घरं अलीकडे. तिथे फाटक नाही, नुसती पाटी आहे. दोन मार्ग, चार रूळ. ओलांडताना पोरांचं एक गाणं असतं, तिनेच रचून दिलेलं :

डावीकडे बघा, उजवीकडे बघा,
शिट्टी नाही, धूर नाही, आता पुढे निघा.
एक रूळ, दोन रूळ, तीन रूळ, चार,
आमची गाडी शहाणी, झाली बघा पार!

काल ‘तीन रूळ’पाशी गाडीने दोन हिसके दिले, एकदा ठसकली आणि गप्प झाली. सगळ्यांत लहान मुलगी तेवढी एकटीच ‘चार’ म्हणाली. मग तीही गप्प. वहिनीने अकराच्या अकरा पोरं खाली उतरवली, मोजली, चराच्या पलीकडे उभी केली, पुन्हा मोजली. मग एकटी आत बसली, पहिला गिअर टाकला, आणि इंजिन मेलेलं असताना नुसत्या स्टार्टरच्या जोरावर गाडी मुंगीच्या पावलाने रुळांवरून खाली आणली. मालगाडी त्यानंतर नऊ मिनिटांनी गेली.

संध्याकाळी शाळेत आयाबाप जमले. गाडी याआधी दोनदा अशीच बंद पडली होती आणि दोनदा गॅरेजात जाऊन आली होती. मग दोष कुणाचा? मिस्तरी काय म्हणाला होता, असं मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी विचारलं, तर ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. मागच्या आठवड्यात गाडी परत देताना धाकटा हात पुसता पुसता, हसत म्हणाला होता, “गाडीत काही नाही हो. चोक जास्त ओढत असतील.” एवढंच. चोक, गार इंजिन उठवायची ती दांडी, ओढायची ड्रायव्हरने; म्हणजे चूक तिची. पण त्या वाक्याला पाय फुटले, ते घरोघर हिंडलं, आणि काल संध्याकाळी शाळेच्या वर्गात येऊन वहिनीसमोर उभं राहिलं. ठरलं ते असं : उद्यापासून ड्रायव्हर दुसरा. गाडी तीच.

गाडी तीच. हे दोन शब्द धाकट्याच्या छातीवर दगडासारखे बसले होते. कारण स्टार्टरवर गाडी रुळांवरून उतरवणारी बाई चोक ओढण्यात चुकत नाही, हे कळायला त्याला मिस्तरी असायचीही गरज नव्हती. म्हणजे दोष गाडीत होता. म्हणजे साडेबाराला नवा ड्रायव्हर येऊन किल्ली घेणार, एकला शाळा सुटणार, आणि तीच गाडी तीच अकरा पोरं घेऊन याच पावसात त्याच रुळांवर चढणार. आज सकाळी आईबापांनी पोरं कशीबशी स्वतः पोचवली होती. दुपारी आणायला कुणी मोकळं नव्हतं.

“पेट्रोलची जाळी बघितलीस?” अण्णांनी खुर्चीतून विचारलं.

“बघितली.”

“कार्बोरेटर?”

“उघडून, धुऊन, परत बसवला. आरशासारखा आहे.”

“कॉइल?”

“गरमही होत नाही.”

“मग गाडीत काही नाही,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली. टायरांच्या ढिगावरून एक नजर त्यांच्याकडे गेली आणि परत जमिनीवर आली.

धाकट्याने इंजिन बंद केलं. शांततेत पाऊस दुप्पट मोठा झाला. घड्याळात पावणेबारा. तो वहिनीसमोर जाऊन उकिडवा बसला, अवजारं शोधताना बसतो तसा.

“वहिनी, मला शिव्या द्या. पण आधी सांगा, नेमकं काय होतं?”

“आता विचारताय?”

“आता विचारतोय.”

तिने केसांतलं पाणी पिळलं. मग बोलायला लागली ती धाकट्याशी नव्हे, त्याच्या मागे उभ्या असलेल्या व्हॅनशी. “पावसाने बंद पडत नाही ती. परवा ढगफुटीसारखा पाऊस होता, मी शाळेपर्यंत गाणं म्हणत गेले. बंद पडते ती डबक्यानंतर. रुळांच्या दोन्ही अंगांना रस्ता दबलाय ना, तिथे पाणी साचतं. चाक त्यात आदळलं की पायाखाली धप्पकन आवाज येतो. त्यानंतर पाच-सात सेकंद काही नाही. मग दोन हिसके, एक ठसका, खलास. पंधरा मिनिटं थांबा, जसं काही झालंच नव्हतं अशी चालू. पहिल्यांदा शाळेच्या वळणावर, तिथेही डबकंच होतं.”

“हे मला आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं, भाऊजी. पहिल्याच वेळी. तुम्ही तेव्हा फडकं शोधत होता.”

धाकट्याची मान आपोआप भिंतीकडे वळली. खिळ्याला ते फडकं टांगलेलं होतं. जाड, मऊ, रोज रात्री धुतलेलं. या गॅरेजचा पहिला नियम त्या खिळ्याला लटकत होता : ओल्या इंजिनाला हात लावायचा नाही. आधी पुसायचं, कोरडं करायचं, हवा मारायची, मगच पाना उचलायचा. अण्णांना तरुणपणी ओल्या वायरीचा झटका बसला होता आणि ते भिंतीवर जाऊन आदळले होते. उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून आकड्यासारखी वाकडी. त्या करंगळीने त्यांनी मुलाला शिकवलं. तीस वर्षं या गॅरेजात एकाही ओल्या इंजिनाला पाना लागला नव्हता. गिऱ्हाईक कौतुक करायचं : इथे गाडी आधी आंघोळ करते, मग डॉक्टरला दाखवतात.

पहिल्यांदा व्हॅन आली, भिजलेली. त्याने पुसली. चालू झाली. दुसऱ्यांदा आली, पुसली, चालू झाली. आणि आज सकाळी तो चहा पीत असताना अण्णांनीच सीट उचलून कोपरान्‌कोपरा टिपून काढला होता.

“अण्णा,” तो सावकाश म्हणाला, “आपण आजार पुसून टाकत होतो. आणि मग आजार कुठाय म्हणून शोधत होतो.”

“म्हणजे काय करणार आहेस?”

काचा पुसायच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली धाकट्याने फळीवरून उचलली, नळाखाली भरली. अण्णा खुर्चीतून उठले. गुडघे दुखतात म्हणून जे दिवसभर उठत नाहीत, ते एका झटक्यात उठले.

“चालू इंजिनावर पाणी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ही करंगळी बघ!”

“तीस वर्षं बघतोय, अण्णा. हात नाही लावणार. लांबून मारतो, नुसतं धुकं. शटर खाली घ्या. अंधार पाहिजे.”

“अंधार कशाला?”

“वीज जिथून पळत असेल तिथे दिसेल. उजेडात नाही दिसायची.”

अण्णा उभेच राहिले. मग वहिनी उठली. तिने धुराचा रबरी पाइप व्हॅनच्या सायलेन्सरला चढवला, त्याचं दुसरं तोंड दाराबाहेर सोडलं आणि शटर ओढलं. खाली वीतभर फट ठेवली, पाइपापुरती आणि श्वासापुरती. वरच्या काचेच्या पत्र्यावर धाकट्याने बांबूने ताडपत्री सरकवली. भर दुपारी गॅरेजात काळोख झाला. शटरखालच्या फटीतून पावसाची एक करडी रेघ तेवढी आत येत होती.

“चालू करा, वहिनी.”

इंजिन गुरगुरलं. तेच मांजर, तेच समाधान.

धाकट्याने पहिल्या प्लगच्या वायरीवर फवारा मारला. फुस्स. काही नाही. दुसऱ्या वायरीवर. काही नाही. तिसरी, चौथी. अंधारात फक्त इंजिनाचा श्वास आणि त्या तिघांचा. चौघांत व्हॅन एकटीच निवांत होती. त्याने कॉइलवर मारला. काही नाही. बाटली अर्धी झाली. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळून तोंडात आला, खारट. दोष नसलाच तर? वायरी शाबूत, कॉइल शाबूत, आणि चूक खरंच सीटवर बसणाऱ्या माणसाची असली तर? हा विचार आला तशी त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण विचार आला होता हे खरं.

“खालून मारा,” वहिनी सीटमागून म्हणाली. “डबक्याचं पाणी वरून येत नाही, भाऊजी. खालून येतं.”

तो आडवा झाला. गार फरशीवर पाठ टेकवून त्याने हात व्हॅनच्या पोटाखाली घातला आणि तिरपा फवारा मारला, डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला. प्रत्येक प्लगला वेळच्या वेळी ठिणगी वाटून देणारी ती मुठीएवढी डबी. वर काळं झाकण, झाकणाला वायरी. एक फवारा. दुसरा. तिसरा.

आणि काळोखात निळं काहीतरी हललं.

केसाएवढं बारीक. झाकणाच्या कडेवरून ते सरपटलं, विझलं, पुन्हा सरपटलं. एखाद्या निळ्या अळीला पाय फुटावेत आणि तिने घर सोडून पळ काढावा तसं. ज्या ठिणगीने आत इंजिनात पेटायचं, ती बाहेर ओल्यावर खेळत होती. इंजिनाने एक हिसका दिला. दुसरा दिला. ठसकलं.

गप्प.

फटीतून पाऊस तेवढा ऐकू येत होता.

“हेच,” वहिनी म्हणाली. “अगदी हेच. असंच.”

अण्णांचा हात सवयीने भिंतीकडे गेला होता, फडक्याकडे. धाकट्याने उठून तो हात हवेतच धरला.

“नको, अण्णा. आज नको.”

तेवढ्यात शटरवर थापा पडल्या. “अहो मिस्तरी! आहात का झोपलात?”

शटर वर गेलं. दारात नवा ड्रायव्हर उभा होता. त्याच्या डोक्यावर टोपी, टोपीवर प्लॅस्टिकची पिशवी. टोपी कधी न काढणारा म्हणून सगळे त्याला टोपीवालाच म्हणत. घड्याळात बारा वाजून वीस.

“दहा मिनिटं आधीच आलो. म्हटलं, वहिनींना जास्त वेळ त्रास नको. किल्ली द्या. चोकला आपण हात लावत नाही, काळजी नसावी.” आणि तो हसला.

“या,” धाकटा म्हणाला. “बसा सीटवर. चालू करा.”

टोपीवाला बसला. स्टार्टर फिरला, फिरला, फिरत राहिला. इंजिन उठलं नाही.

“हे काय?”

“हे काल रुळांवर झालेलं.” धाकट्याने झाकण काढून त्याच्या हातात दिलं. आतल्या अंगाला, कडेपर्यंत, एक काळी रेघ होती. पेन्सिलीने ओढावी तशी. “चीर आहे. कोरडी असली की काही नाही. ओली झाली की वीज इथून पळते. तुम्ही असा, वहिनी असोत, नाहीतर माझा ट्रकवाला भाऊ असो, डबकं आलं की बंद. मधल्या रुळावर.”

टोपीवाल्याने झाकण उलटसुलट केलं. हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना. “मग पुसून द्या की. पुसलं की चालतं ना? आज एक फेरी तर निघेल.”

धाकट्याने झाकण त्याच्या हातातून परत घेतलं. पुसून देणं त्यानेच केलं होतं. दोनदा, हसत हसत, हात पुसता पुसता. दुसऱ्याच्या तोंडून ते आता पहिल्यांदा ऐकलं.

“नाही,” तो म्हणाला. “गाडी अशी नाही जाणार.”

“मग पोरं? तिथे पावसात उभी राहतील त्याचं काय? नवं झाकण आणणार कुठून, आणि किती वाजता?”

प्रश्न खरा होता. दुकान दोन तासांवर. बारा पंचवीस. धाकट्याने फळीवरचे डबे खाली ओढले, एक एक उलटा केला. नट, वायसर, जुने प्लग, कुणाकुणाचे आरसे. झाकण नाही. वहिनी बाजूच्या डब्यांत हात घालून शोधत होती, दोघांचे हात एकाच डब्यात आदळले. झाकण नाही.

मागे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, अण्णांची स्वतःची मोटार होती. त्यांची पहिली. सात वर्षं चाललेली नव्हती, पण महिन्यातून एकदा ते तिला पुसायचे आणि तिच्या बॉनेटला कुणी कोपर टेकवलं तरी खेकसायचे. ताडपत्री आता जमिनीवर पडली होती. बॉनेट उघडं होतं. अण्णा वाकले होते, आणि पंचवीस वर्षं एका जागी बसलेलं झाकण त्यांच्या हातात निघून आलं होतं.

“इंजिन एकाच कुळातलं आहे,” ते म्हणाले. “बसेल. बघत काय राहिलास?”

बसलं. एक वायर आखूड पडली, ती वहिनीने वळसा बदलून पोचवली. साडेबारा होऊन पाच मिनिटं झाली तेव्हा इंजिन गुरगुरलं.

“झालं!” टोपीवाला म्हणाला.

“काही झालं नाही अजून,” धाकटा म्हणाला आणि फवाऱ्याची बाटली शोधू लागला. बाटली रिकामी होती. तो नळाकडे वळला, तर अण्णा आधीच तिथे होते. त्यांनी बादली भरली, त्यात तांब्या बुडवला. आयुष्यभर ज्यांनी पाण्याचा थेंब इंजिनापाशी येऊ दिला नाही ते अण्णा गुडघ्यांवर बसले, तांब्या खाली धरून नेम साधला आणि डोळे मिटून, तोंड एका बाजूला फिरवून, भरलेल्या तांब्यातलं पाणी व्हॅनच्या पोटात भिरकावलं.

धप्प.

पाच सेकंद. सात. दहा. वहिनीचे ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती की गाणं म्हणत होती ते कळत नव्हतं.

मांजर गुरगुरत राहिलं.

“आणखी एक,” वहिनी म्हणाली. अण्णांनी आणखी एक मारला. मग आणखी. बादली संपली, अण्णा निथळत होते, इंजिन चालू होतं.

“आता किल्ली,” टोपीवाल्याने हात पुढे केला, पण त्या हातात आधीचा जोर नव्हता. वहिनी तोवर सीटवर बसलीसुद्धा होती.

“मागे बसा,” ती म्हणाली. “मोठ्या बाईंपर्यंत मी नेते. पुढचं त्या ठरवतील.”

टोपीवाला मागे बसला. ती बाकं आठ वर्षांच्या पोरांच्या मापाची. त्याचे गुडघे हनुवटीला लागले. धाकटा वहिनीच्या शेजारी. काचेवर वायपर हेलकावत होते, रस्ता दिसत होता, नाहीसा होत होता, दिसत होता. उतार संपला आणि समोर पाटी दिसली, पाटीच्या अलीकडे ते डबकं. भुरं, फुगलेलं, पावसाच्या थेंबांनी उकळल्यासारखं.

वहिनीने गाडी थांबवली. काच खाली केली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पावसात मान बाहेर काढून ऐकलं. मग गाडी मागे घेतली, चांगली वीस पावलं.

“वहिनी, काय करताय?”

“पोरं नाहीत आत्ता,” ती म्हणाली, आणि वेग घेतला.

चाक डबक्यात आदळलं. पायाखाली असा दणका बसला की मागून टोपीवाल्याच्या तोंडून देवाचं नाव आलं. पाणी दोन्ही बाजूंनी खिडक्यांपर्यंत उडालं. पहिला रूळ. दुसरा. धाकट्याच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या आणि तो ऐकत होता. आयुष्यात कधी कुठल्या इंजिनाकडे कान दिला नसेल तसा. तिसरा. हिसका नाही. ठसका नाही. चौथा.

पलीकडे.

शाळेच्या फाटकात शिक्षकांच्या छत्र्यांची गर्दी होती. मोठ्या बाई पुढे. व्हॅनमधून वहिनी उतरताना दिसली तशी छत्र्यांमध्ये कुजबुज झाली. एक गुरुजी म्हणाले, “अहो, काल ठरलं होतं ना?”

धाकटा तिच्या आधी पुढे झाला. छत्री नव्हती. जुनं झाकण त्याच्या हातात होतं आणि त्यावर पाऊस पडत होता.

“काल ठरलं ते माझ्या एका वाक्यावरून ठरलं,” तो म्हणाला. आवाज मोठा करायची त्याला सवय नव्हती, पण केला. “ते वाक्य खोटं होतं. गाडी दोनदा माझ्याकडे आली. वहिनींनी काय बिघडलंय ते पहिल्याच दिवशी सांगितलं. मी ऐकलं नाही. पुसली आणि परत दिली. ही चीर आहे, बघा. काल पोरांना रुळांवर अडकवलं ते या चिरेने आणि मी. खाली आणलं ते यांनी.”



“आणि आता?” मोठ्या बाईंनी विचारलं. त्या धाकट्याकडे बघत नव्हत्या. टोपीवाल्याकडे बघत होत्या. तो बाकांतून सुटायची धडपड करत होता.

टोपीवाला उतरला. टोपीवरची पिशवी त्याने नीट केली. “मी नसतो गेलो असा डबक्यातून,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, नाइलाजाने : “मला नसतं जमलं.”

मोठ्या बाईंनी मान हलवली. हो म्हणून की ठीक म्हणून, ते पोरांनी विचारलंच नाही. ती केव्हाच दारातून घुसून आपापल्या जागांसाठी भांडत होती.

वहिनीने मोजली. पुन्हा मोजली. मग खिडकीतून मान बाहेर काढली. काल संध्याकाळपासून पहिल्यांदा तिने धाकट्याच्या डोळ्यांत बघितलं.

“भाऊजी.”

“हं?”

“अकरा जागा, अकरा पोरं. तुम्ही दोघं चालत या.”

व्हॅन निघाली. शाळेपासून रुळांपर्यंत रस्ता सरळ आहे. फाटकात उभं राहिलं की सगळं दिसतं. धाकटा आणि टोपीवाला शेजारी शेजारी उभे राहिले, भिजत. पिवळा ठिपका लहान होत गेला, पाटीपाशी थांबला. डावीकडे. उजवीकडे. आता ती हळू निघाली, डबक्यात अलगद उतरली, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं. मग चढली.

इतक्या लांबून इंजिन ऐकू येत नव्हतं. गाणं तर नाहीच. धाकट्याचे ओठ तरी हलले. एक. दोन.

तीन.

त्याने श्वास धरला. टोपीवाल्याने, कधी नव्हे ते, टोपी काढून हातात घेतली होती.

पिवळा ठिपका हलला, उतरला, आणि पलीकडच्या पावसात शिरला.

“चार,” धाकटा म्हणाला, आणि चालायला लागला.